मागचा आवाज

स्पीकर जितका पुढं बोलतो
तितकाच मागं बोलतो, पण उलटा.
पुढं हवा ढकलली की मागं ओढली जाते.
दोघं उघड्यावर भेटले तर एकमेकांना गिळतात,
आधी खर्ज जातो.
म्हणून खोकं.

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची पोटं, व्हॉल्व्हची नरडी.
माझं लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं,
उरलेल्या पोकळीत दुसऱ्यांनी लोखंड ओतायचं.
पोकळी राखायची कशी, एवढंच मला येतं.

खानापूरच्या वखारीतलं प्लायवूड, अठरा मिलीमीटर.
बोट दुमडून ठोकलं.
ढब् म्हणाली ती फळी लावली,
टण् म्हणाली तिला आतनं आडवी पट्टी.
समोरासमोरच्या भिंती समांतर नकोत,
आवाज त्यांच्यात येरझारा घालत बसतो.
मागची फळी म्हणून तिरकी.
"वाकडं झालंय," नीलव्वा म्हणाली.
"मुद्दाम."
"तुमचं सगळं मुद्दामच."

सात फुटांची वाट अडीच फुटांत बसवायची होती.
दोन घड्या घातल्या, तीन गल्ल्या झाल्या,
प्रत्येक आधीचीपेक्षा चिंचोळी,
वडगावात आमच्या घराकडं येताना होतात तशा.
आवाजानं आत शिरावं, वळावं, दमावं
आणि तोंडाशी पोचेतो
आपण काय सांगायला निघालो होतो ते विसरावं.

गल्ल्यांत भरायला लोकर.
हलग्याच्या पुढं कुणाच्या तरी शेतात
धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या.
माझ्या मोडक्या कानडीत म्हाताऱ्याला सांगितलं,
हिंदिन दनि, मागचा आवाज, तो निजवायचाय.
तो हसला नाही.
खांद्यावरची कंबळी डोक्यावरनं, कानांवरनं घेतली
आणि आतनं काहीतरी म्हणाला
जे मला ऐकू आलं नाही.
मग दोन किलो तोलून दिली.

नीलव्वानं ती तीन पाण्यांत धुतली,
गच्चीवर वाळवली, पिंजली.
मी ठासून भरायला लागलो तर हात धरला,
"श्वास राहू दे की तिला."
खरं तेच. दाबून भरली की लोकरीचीही भिंत होते.

ती सुळेभावीची, विणणाऱ्यांच्या घरातली.
लग्नात आमच्या आईनं तिची नीलम केली
आणि घरात कानडी नको म्हटलं,
रागानं नाही, सहज,
चपला बाहेर काढ म्हणावं तसं.
आई गेल्यावर मी परत नीलव्वा म्हणायला लागलो.
तोवर तिला ओ द्यायला जरा वेळ लागायचा.

पुढच्या खोलीतले चार यंत्रमाग तिनंच सांभाळले.
भंगारवाला यायच्या सकाळी
आमच्या मल्हारीनं फोनवर
त्यांची पाच मिनिटं धरून ठेवली होती.

खोक्यावर पहिल्यांदा तेच लावलं.
खडाक् खट, खडाक् खट.
जमिनीतनं तळपायात आलं. खर्ज होता.
तिरकी फळी, दोन घड्या, लोकर,
सगळं गप्प बसलं होतं आपापल्या जागी.
मी बेताचा खूश.

मग त्या गदारोळाच्या तळाशी
धोट्यासारखं काहीतरी बारीक पळताना दिसलं,
दिसलंच म्हणायचं.
खाली बसलो, कान पडद्याजवळ नेला.

तोंबत्तोंदु.
तोंबत्तेरडु.
एक्याण्णव, ब्याण्णव, कानडीत,
प्रत्येक खट्‌च्या मागच्या श्वासावर.

चौतीस वर्षं मी शेजारच्या खोलीत जेवलो.
मला फक्त मागाचा ऐकू यायचा.
मागचा आणि मागाचा,
एका कान्याचाच फरक.

नीलव्वा दारात उभी होती,
हातांना अजून मेंढराचा वास.
"बंद करा ते."
मी बटणाकडं बोट नेलं.

"थांबा," ती म्हणाली,
"नूरु होऊ दे आधी."